एडनला बोट बदलतांना

अलीकडे केवळ सुखविहारासाठीं समुद्रावर फिरणाऱ्या मोठमोठ्या बोटी निघाल्या आहेत. अशा बोटीवर एखाद्या उतारूनें एकापुढें एक अशा दोन सफरींचीं तिकिटें काढलीं आणि दोन्ही सफरींत त्यास एकच केबिन मिळाली नाहीं, तर पहिली सफर संपते त्या दिवशीं त्याला आपलें बिऱ्हाड हलवावें लागतें. बिऱ्हाड म्हणजे काय, तर कपाटांतील चार कपडे. तेही बोटीवरील नोकर टांगलेले तसेच उचलून दुसऱ्या केबिनींत नेऊन लावतात. एवढ्याशा बदलाचीही पुष्कळांना दगदग वाटते. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या जुन्या काळच्या उतारूला हें ऐकून हसूं आलें असतें. त्याला केबिनच काय, पण बोट, बंदर आणि मधल्या काळांत वाहन म्हणून घोडे, नावा व आगगाडी हीं सर्व बदलावीं लागत. हा बदल कोठें व्हावा, केव्हां व्हावा, हें त्याच्या सोयीवर कधींच ठरत नसे. तें ठरे कोळशावर आणि टपालावर.

आगबोटी येण्यापूर्वीं हा प्रश्नच नव्हता. शिडाचें जहाज मुंबईहून निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडला पोंचेपर्यंत चार ते सहा महिने लागत, आणि तेवढा सारा काळ उतारू एकाच केबिनींत काढी. कंपनी सरकारच्या व्यापारी जहाजांतील केबिन म्हणजे नुसत्या चार लाकडी भिंती. खाट, मेज, खुर्ची, तोंड धुण्याचें भांडें, सारें उतारूनें स्वतः विकत घेऊन बरोबर आणावयाचें, आणि समुद्र खवळला असतां तें घसरूं नये म्हणून जमिनीस बांधून टाकावयाचें. नवा संसार थाटण्यासारखाच तो प्रकार. परंतु एकदां थाटला कीं विलायतेचा किनारा दिसेपर्यंत त्यास हात लावावा लागत नसे.

वाफेनें हा काळ कमी केला, पण त्याबरोबरच प्रवासाचे तुकडे पाडले. मुंबईच्या गोदींत नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं १८२९ सालीं 'ह्यू लिंडसे' नांवाची ४११ टनांची आगबोट बांधून तयार झाली. कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखालीं ती २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली. या बोटीची कोळशाची कोठी होती अवघ्या साडेपांच दिवसांच्या बेताची. आणि एडन तर मुंबईहून सुमारें १६४० मैल! तेव्हां कोठी भरल्यावर उरलेला कोळसा डेकवर, दिवाणखान्यांत आणि केबिनींत रचण्यांत आला. बोट इतकी खोल बुडाली कीं तिचीं चाकें पाण्यांत नीट फिरेनात. अकरा दिवसांनीं ती एडनला लागली तेव्हां कांहीं तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. मुंबई-सुएझ मार्गावरील पहिल्या आगबोटीच्या केबिनींत कोळशानें बिऱ्हाड केलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण पुढेंही ऐंशी वर्षें कोळसा अगोदर व माणूस मागाहून, असाच क्रम राहिला. १८३९ सालच्या जानेवारींत कॅप्टन हेन्स यांनीं एडन घेतलें आणि तें मुंबई इलाख्यास जोडण्यांत आलें. त्या घेण्यामागें जीं कारणें होतीं, त्यांत आगबोटींना कोळसा घेण्याची जागा हें एक मोठें कारण होतें.

त्यानंतरच्या तीस वर्षांत विलायतेहून येणाऱ्या उतारूची वाट अशी असे. साउदॅम्प्टनहून पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या बोटींतून अलेक्झांड्रियापर्यंत एक केबिन. तेथें उतरून महमुदिया कालव्यांतून ओढीच्या नावेनें नाईल नदीपर्यंत. नाईलमधून लहान आगबोटीनें कैरोचें बंदर बुलाक. कैरोस एकदोन रात्री. मग चौऱ्यायशीं मैलांचें वाळवंट, तें दोन चाकांच्या बंद गाड्यांतून, सहा सहा उतारू गुडघ्यास गुडघा लावून बसलेले. मध्यें घोडे बदलण्याचीं व विसाव्याचीं ठाणीं होतीं. ही वाट बसविण्याच्या कामांत लेफ्टनंट टॉमस वॅगहॉर्न या गृहस्थानें आपली उमेद व पैका दोन्ही खर्चीं घातलीं. १८५० सालीं तो कफल्लक स्थितींत वारला, आणि १८८८ सालीं चॅटहॅम या गांवीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला. उतारूंचें सामान, टपालाच्या पेट्या आणि किंमती माल हीं सर्व उंटांच्या पाठीवरून येत. एका बोटीस तीन हजारांच्या आसपास उंट लागत. म्हणून ट्रंकांचें मापही उंटाच्या सोयीनें ठरलेलें असे. सुएझच्या किनाऱ्यास पाणी उथळ, तेव्हां आगबोट दूर नांगरलेली; लहान होड्यांतून तिथवर जावयाचें आणि मग दुसरी केबिन.

ही दुसरी केबिन मिळणें हाच मुंबईकरांचा खरा त्रास होता. कलकत्त्याकडे जाणाऱ्यांसाठीं त्याच कंपनीनें १८४२ च्या अखेरीस 'हिंदोस्तान' ही मोठी बोट आणली, तेव्हां त्यांची दोन्ही टोकांची व्यवस्था एकाच हातीं आली. मुंबई ते सुएझ हा टप्पा मात्र ईस्ट इंडिया कंपनीनें १८५४ सालापर्यंत आपल्या आरमाराकडे ठेविला. त्या बोटी मुळांत लढाईच्या. टपाल नेणें हें त्यांचें काम आणि उतारू हा केवळ पाहुणा. विलायतेस सर्वांत जवळचें बंदर असूनही मुंबईच्या उतारूस कलकत्तेकरांपेक्षां कमी सोय मिळावी, यांत कंपनीचा आरमारी अभिमान अधिक आणि व्यवहार कमी होता असेंच म्हणावें लागतें. पुढें १८५६ मध्यें अलेक्झांड्रिया-कैरो आणि १८५८ मध्यें कैरो-सुएझ अशी आगगाडी झाली. उंट सुटले, पण दोन बोटी आणि दोन केबिनी कायमच राहिल्या.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा उघडला. आतां तरी एकाच केबिनींत बसून मुंबई गांठतां यावी, असें कोणासही वाटेल. परंतु येथें टपाल आडवें आलें. कंपनीनें सरकारशीं केलेल्या करारांत टपाल मिसर देशांतून जमिनीवरून न्यावें असें होतें, आणि टपाल खात्यास नव्या कालव्याचा भरंवसा वाटेना. परिणामीं असा विलक्षण प्रकार घडूं लागला कीं, बोटीनें अलेक्झांड्रियास टपाल उतरवावयाचें, तें आगगाडीनें सुएझला जावयाचें, बोटीनें स्वतः रिकाम्या हातानें कालवा ओलांडावयाचा आणि पलीकडे तेंच टपाल पुन्हां चढवून घ्यावयाचें! जड टपाल १८७४ सालीं कालव्यांतून जाऊं लागलें. घाईचें टपाल मात्र १८८८ सालापर्यंत आगगाडीनेंच जात होतें. कालवा खणण्यास दहा वर्षें लागलीं, आणि त्यावर विश्वास बसण्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट.

टपालाची घाई एकीकडे कमी झाली तशी ती दुसरीकडे वाढली. लंडनहून आगगाडीनें इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी बंदर गांठावें आणि तेथून लहान, वेगवान बोटीनें पोर्ट सैदला मोठ्या बोटीची गांठ घ्यावी, असा क्रम सुरू झाला. या कामासाठीं १८९८ सालीं 'इसिस' व 'ओसायरिस' या दोन बोटी बांधण्यांत आल्या. इकडे अरबी समुद्रांतही तसेंच झालें. ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या मोठ्या बोटींची वाट एडनहून कोलंबोकडे. त्यांना मुंबईस वळविणें म्हणजे वेळ व कोळसा फुकट घालविणें. म्हणून त्या बोटींतील मुंबईचे उतारू आणि टपाल एडनला उतरवून घेऊन मुंबईस आणण्यासाठीं १९०८ सालीं खास एक बोट तयार झाली. ती सुमारें ५८०० टनांची, ऑस्ट्रेलियाच्या बोटींच्या मानानें जेमतेम निम्मी. पण वेगानें त्यांना मागें टाकणारी. इंग्रजांनीं तिचें नांव ठेविलें 'सालसेट'. हें नांव परकें वाटलें तरी तें आपलेंच आहे. मुंबईच्या उत्तरेस वांद्ऱ्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या साष्टी बेटाचेंच तें पोर्तुगीज वळणाचें रूप. ज्या टप्प्याला 'ह्यू लिंडसे'स अकरा दिवस लागले, तो ही बोट चार दिवसांच्या आसपास काटी.

तेव्हां घाईनें निघालेल्या उतारूची स्थिति काय होई? लंडनपासून आगगाडींतील एक बिछाना, ब्रिंडिसीहून एक केबिन, पोर्ट सैदहून दुसरी, आणि तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत चारपांच दिवस काढून तीतील खुंट्या-फळ्या कोठें शांत ओळखीच्या होऊं लागल्या कीं एडनला तिसरी. त्यांतून केबिन कोणत्या बाजूची हाही प्रश्न असे. सुएझहून एडनकडे येतांना बोटीच्या उजव्या बाजूवर दुपारचें ऊन पडे, आणि एडनहून मुंबईकडे येतांना डावी बाजू उत्तरेस राही. म्हणून येतांना डाव्या बाजूची व परत जातांना उजव्या बाजूची केबिन चांगली, असा जाणत्यांचा हिशेब. 'पॉश' हा इंग्रजी शब्द या दोन बाजूंच्या आद्याक्षरांपासून झाला आणि तीं अक्षरें कंपनी तिकिटांवर छापीत असे, ही गोष्ट फार सांगितली जाते. परंतु अशीं अक्षरें छापलेलें एकही तिकीट अद्याप सांपडलेलें नाहीं, आणि कोशकार ती व्युत्पत्ति मानीत नाहींत. गोष्ट चांगली आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल.

उतारूला हा बदल वर्षा-दोन वर्षांतून एकदां घडे. ज्यांना तो वारंवार करावा लागे, असे लोक निराळेच होते. १८६८ सालीं मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान तरतें टपालघर सुरू झालें, आणि पुढें तें एडन-मुंबई या टप्प्यापुरतें ठेवण्यांत आलें. विलायतेचें टपाल मुंबईस लागण्याआधींच वांटून तयार असावें, म्हणजे बंदरांत बोट येतांच निरनिराळ्या प्रांतांच्या थैल्या आगगाड्यांवर चढवितां याव्या, हा त्यांतील उद्देश. टपालाचे कारकून मुंबईहून एडनला जात, तेथें उतरून येणाऱ्या बोटीवर चढत आणि चार दिवस पत्रें लावीत लावीत मुंबईस येत. मग पुन्हां तेंच. आषाढ-श्रावणांत अरबी समुद्र कसा असतो हें कोंकणच्या माणसास सांगावयास नको. अशा समुद्रांत, हेलकावणाऱ्या दिव्याखालीं, हजारों पाकिटांवरील पत्ते वाचून तीं योग्य खणांत टाकावयाचीं. त्या पत्रांवरील 'सी पोस्ट ऑफिस' हा शिक्का आज संग्राहक मोठ्या हौसेनें जमवितात. तो मारणाऱ्या हातांचीं नांवें मात्र कोणी जमविलीं नाहींत.

दुसरे लोक म्हणजे केबिनी सांभाळणारे नोकर. या कंपनीच्या बोटींवर डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील कोंकणी मुसलमान पुष्कळ असत, तर केबिनी आणि जेवणघर पाहणारे नोकर बहुधा गोमंतकीय. एका उतारूची चादर काढून दुसऱ्याची घालणें यांतच त्यांचें आयुष्य जाई. एक फेरी संपून दुसरी मिळेपर्यंत ते मुंबईस धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवाच्या नांवानें चालणाऱ्या 'कूड' नामक सामायिक बिऱ्हाडांत राहात. तेथें मालकीची अशी प्रत्येकाची एक पेटी. बाकी सर्व साऱ्यांचें.

एडनच्या या बदलांतून गेलेला एक उतारू महाराष्ट्राच्या इतिहासांत कायमचा राहिला आहे. विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्यें १३ मार्च १९१० रोजीं पकडण्यांत आलें आणि १ जुलै रोजीं 'मोरिया' बोटीवर चढवून हिंदुस्थानाकडे धाडण्यांत आलें. 'मोरिया' ही ऑस्ट्रेलियाच्या मार्गासाठीं बांधलेल्या मोठ्या बोटींपैकीं. मार्सेय बंदरांत ८ जुलैच्या सकाळीं शौचकूपाच्या वाटोळ्या झरोक्यांतून सावरकरांनीं समुद्रांत उडी टाकली, ते पोहत धक्क्यास लागले, आणि फ्रेंच शिपायानें धरून त्यांना पुन्हां बोटीवरील पोलिसांच्या हवालीं केलें, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढील प्रवास तितकासा सांगितला जात नाहीं. 'मोरिया' मुंबईस येणार नव्हती. एडनला सावरकरांना त्या बोटीवरून काढून 'सालसेट'वर नेण्यांत आलें. मार्सेयची भूमि परक्या राज्याची होती, म्हणून तेथील धरपकडीवर फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत वाद उभा राहून तो हेगच्या न्यायसभेपुढें गेला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजीं इंग्लंडच्या बाजूनें निकाल लागला. एडन मात्र त्या काळीं मुंबई इलाख्यांतच मोडत होतें. मुंबईचा किनारा अजून सोळाशें मैल दूर होता, तरी मुंबई सरकारची हद्द त्या बोटबदलाच्या जागींच सुरू झाली होती. इतर उतारू आपल्या ट्रंका मोजीत नव्या केबिनी शोधीत होते, त्याच बोटीवर हा कैदी पहाऱ्यांत आणला गेला. साष्टी बेटाचें नांव धारण करणाऱ्या त्या बोटीनें २२ जुलै १९१० रोजीं त्यांना मुंबईस आणून सोडलें.

पुढें चार वर्षांनीं महायुद्ध पेटलें. १९१४ सालींच तरतें टपालघर बंद होऊन टपाल मुंबईस उतरल्यावर वांटूं लागले. 'सालसेट' २० जुलै १९१७ रोजीं इंग्लिश खाडींत जर्मन पाणबुडीच्या पाणतीरानें बुडाली. ती त्या वेळीं लंडनहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती, आणि तिच्यावरील उतारूंना एडनला बोट बदलावयाची नव्हती.