देवळातला चाफा आणि कोशातला चंपक

देवळाच्या आवारात किंवा वाड्याच्या परसात पाच पाकळ्यांचा पांढरा चाफा दिसला, की हे झाड आपल्याकडे अनादिकाळापासून असावे असे वाटते. प्राचीन काव्यात 'चंपक' शब्द आला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर हेच फूल उभे राहते. आम्हीही कित्येक वर्षे तसेच वाचत आलो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

हा खुरचाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतला. नाहुआत्ल भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'कावळ्याचे फूल'. 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) यांच्या सन्मानार्थ पडले. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात ते स्वीकारले. तेव्हा १४९२ पूर्वीच्या भारतीय वाङ्मयात हे फूल शोधणे व्यर्थ होय. अमरकोशाने चंपकाला 'हेमपुष्पक' म्हटले आहे, ते सोनचाफ्याला उद्देशून. भ्रमर चंपकाकडे फिरकत नाही, हा कविसंकेतही त्याच पिवळ्या फुलाचा.

मग परके झाड इतके घरचे कसे झाले? उत्तर त्याच्या लागवडीत आहे. बी क्वचितच धरते. पण हातभर फांदी तोडून, चीक वाळेपर्यंत चार-आठ दिवस सावलीत ठेवून, पाणी न साचणाऱ्या जमिनीत रोवली की ती मूळ धरते. उन्हाळ्यात पाणी बेताचे चालते. उलट अति पाण्याने फांदी कुजते. त्यामुळे हे झाड एका अंगणातून दुसऱ्या अंगणात मागून नेता आले. फांदीबरोबर नावही गेले.

भाषेनेही हात आखडता घेतला नाही. नागचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा ही एकमेकांपासून निराळी झाडे; सुगंधाच्या नात्याने मराठीने ती एका नावाखाली आणली. म्हणून बी कवींच्या 'चाफा' या कवितेतला चाफा कोणता, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्या काळी दोन्ही झाडे अंगणात होती. संस्कृत काव्याबाबत मात्र तो संभवतच नाही.

अंगणातला खुरचाफा त्यामुळे उपरा ठरतो, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमचा आग्रह एवढाच, की जुना शब्द वाचताना त्याच्या काळचे झाड डोळ्यांपुढे असावे.