सहा महिन्यांचं इंजेक्शन आणि आत्याचे तीन मणके

२०२० च्या गणपतीत माझी आत्या मखराखालचा पाट सरकवायला वाकली आणि कण्हत तिथेच खाली बसली. कंबर लचकली असेल म्हणून आम्ही शेकत राहिलो. दहा दिवसांनी एक्स-रे काढला तर तीन मणके दबलेले. पडली नाही, आपटली नाही, नुसती वाकली.

हाडं ठिसूळ झाली म्हणून तिला २०१७ पासून दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू होतं. एप्रिलचं लॉकडाऊनमध्ये राहिलं. फोन केला तर उत्तर आलं, "काही घाई नाही, सगळं सुरळीत झालं की या." दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कदाचित फोनवरच्या माणसालाही माहीत नसेल. पण माहिती तेव्हा होती. ती कशी जमा होत गेली ते मी नंतर शोधून वाचलं.

आपलं हाड म्हणजे कायम दुरुस्ती चालू असलेलं घर. एका जातीच्या पेशी जुनं पोखरतात, दुसऱ्या नवं भरतात. पाळी गेल्यावर पोखरणाऱ्यांचा जोर वाढतो. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या ॲमजेन कंपनीच्या लोकांना असं एक प्रथिन सापडलं की ते उंदरांच्या शरीरात जास्त तयार झालं की त्यांची हाडं दाट व्हायची. गंमत म्हणजे जपानमध्ये तेच प्रथिन त्याच सुमारास स्नो ब्रँड या चक्क दूधवाल्या कंपनीच्या संशोधकांनीही शोधलं होतं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, दोन्हीकडे दुसरा दुवाही हाती लागला: पोखरणाऱ्या पेशींना "कामाला लागा" असा निरोप देणारा रेणू. डेनोसुमॅब हा निरोप वाटेतच अडवतं.

२००९ साली त्याची मोठी चाचणी छापून आली. ६० ते ९० वयाच्या ७,८६८ बायका, तीन वर्षं. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्के जणींचे मणके नव्याने मोडले, औषध घेणाऱ्यांत २.३ टक्के. फरक खरोखरच मोठा. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत परवानगी मिळाली. वर्षातून दोनदा दंडात किंवा पोटावर टोचून घ्यायचं, रोजची गोळी नाही. आत्यासारख्यांना ते सोयीचंच वाटणार.

पण या सोयीला एक अट होती. हाडासाठीची जुनी औषधं, म्हणजे आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, हाडात जाऊन बसतात आणि बंद केल्यावरही बराच काळ काम करत राहतात. डेनोसुमॅब तसं मुरत नाही. त्याचा असर ओसरला की इतके दिवस अडवून धरलेल्या पेशी एकदम तुटून पडतात. थांबवल्यावर हाडाची घनता झपाट्याने उतरते हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं. मग २०१६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा बायकांच्या हकिकती छापल्या, ज्यांचे इंजेक्शन बंद झाल्यावर काही महिन्यांत एकामागोमाग एक मणके मोडले होते. २०१७ मध्ये युरोपातल्या हाडांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने लेखी सांगितलं की हे औषध असंच सोडू नका, सोडायचंच असेल तर मागून दुसरं औषध द्या. २०२० च्या मे महिन्यात, ऐन लॉकडाऊनमध्ये, अमेरिका-युरोपातल्या संस्थांनी एकत्र सूचना काढली: शेवटच्या डोसपासून सात महिन्यांच्या पुढे ढकलू नका, जमत नसेल तर तोवर गोळ्या सुरू करा.

आत्याचा शेवटचा डोस ऑक्टोबर २०१९ चा. मणके दबले तेव्हा दहा महिने उलटून गेले होते. मणके त्यामुळेच गेले हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण फोनवर सांगायला हवं होतं ते नेमकं उलटं सांगितलं गेलं, एवढं नक्की.

(हे वाचून कुणी घरातल्या बाईचं इंजेक्शन बंद करू नका. मी लिहितोय ते बरोबर त्याच्या उलट.)

माझी मागणी साधी आहे. बाळाच्या लसीचं कार्ड असतं, त्यावर पुढची तारीख असते, चुकली तर आशाताई दारात येतात. या इंजेक्शनच्या फाइलवर तारखेखाली "पुढे ढकलू नये" असा एक शिक्का मारायला काय लागतं? आपल्या तालुक्यात जे डॉक्टर हे इंजेक्शन देतात त्यांना मी हे पत्राने कळवतोय. दोघांचं उत्तर आलंय, दोघेही शिक्का करून घेतो म्हणालेत.

आत्याचं इंजेक्शन पुन्हा सुरू आहे. पुढची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलीय, आणि मला आठवडाभर आधीच फोन करते, "गाडी मोकळी आहे ना रे त्या दिवशी?"