फुलराणी ते कुदानस्थळ

झाशीच्या किल्ल्यात तटावर एक जागा आहे. 'कूदान स्थल' अशी तिथे पाटी लावली आहे. पाठीशी दामोदरला बांधून राणीने घोड्यासकट इथूनच उडी घेतली, असं सगळे गाईड सांगतात. मागच्या रविवारी माझी नऊ वर्षांची लेक तिथून खाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे इमॅजिकात असतं तर आपल्याला घोड्यावर बसवून इथून खाली सोडलं असतं ना?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला खोपोलीला इमॅजिका आणि पुण्यात आंबेगावची शिवसृष्टी दाखवून आणली होती. त्यामुळे तुलना होणारच होती. पण त्या वाक्याने मी अडकलो. कारण माझ्या लहानपणी असा प्रश्न कुणाला सुचलाच नसता.

माझं पहिलं पार्क म्हणजे पुण्यातलं पेशवे पार्क. साताऱ्याहून मावशीकडे गेलो की फुलराणीत बसायचंच. 1956 साली सुरू झालेली ती छोटी आगगाडी एक फेरी मारून जिथून निघाली तिथेच परत यायची. तिला गोष्ट नव्हती. गाडीत बसणं हीच गोष्ट. पुढे शाळेच्या सहलीत एस्सेल वर्ल्ड पाहिलं. 1989 साली गोराईला सुरू झालेल्या त्या पार्कात जायला बोटीने खाडी ओलांडावी लागे, आणि खरं सांगतो, आम्हा साताऱ्याच्या पोरांना निम्मी मजा त्या बोटीतच आली. तिथेही गोष्ट नव्हती. पोटात गोळा येणं एवढाच व्यवहार. दिल्लीचं अप्पू घर त्याच जातीचं, 1982 च्या आशियाई खेळांच्या हत्तीचं नाव घेतलेलं. ते उघडलं 19 नोव्हेंबर 1984 ला. ही तारीख झाशीत कुणालाही विचारा, राणीची जयंती म्हणून सांगतील. 2008 मध्ये अप्पू घर बंद झालं.

पाळण्यांना गोष्ट जोडली ती वॉल्ट डिस्नेने. मुली पाळण्यात बसल्या आहेत आणि बाप बाकावर शेंगा खात बसला आहे, यातून त्याला कल्पना सुचली म्हणतात. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. आपल्याकडे तो प्रकार पुऱ्या ताकदीने आला तो 2013 मध्ये, इमॅजिकाच्या रूपाने. तिथे 'मिस्टर इंडिया'वर बेतलेली राइड आहे. समोर पडदा, खाली हलणारी खुर्ची. मी तोफखान्याचा माणूस, त्यामुळे यंत्र कसं चालतं याकडे लक्ष जातं. अशा राइडमधली खरी हुशारी वेगात नसते. ती तुम्ही कुठे बघायचं हे ठरवण्यात असते. खुर्ची आणि अंधार मिळून तुमची मान धरतात. जे दाखवायचं नाही तिकडे तुम्ही वळूच शकत नाही.

मग या यंत्राला इतिहास जोडला गेला. शिवसृष्टीचा पहिला टप्पा, सरकारवाडा, 19 फेब्रुवारी 2023 ला खुला झाला. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ते जुनं स्वप्न. मी तिथून बाहेर आलो तेव्हा भारावलेलो होतो, हे कबूल करतो. लेकीने त्या रात्री जेवताना आग्र्याहून सुटकेबद्दल जितके प्रश्न विचारले तितके मी वाचून दाखवलेल्या पुस्तकांनी कधी काढले नव्हते. त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

तरी एक उदाहरण सांगतो. 1993 साली डिस्ने कंपनीने व्हर्जिनियात अमेरिकन इतिहासाचं थीम पार्क जाहीर केलं होतं. जागा मॅनॅसस रणभूमीपासून काही मैलांवर. तिथे 1861 आणि 1862 साली, यादवी युद्धातल्या दोन लढाया झाल्या. जेम्स मॅक्फर्सन, डेव्हिड मॅकलॉ यांच्यासारखे इतिहासकार विरोधात उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तिथून माघार घेतली. इतिहास सांगू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. खरी माती शेजारी असताना तिच्यावर नकलेची गर्दी नको, एवढंच.

झाशीत तर माती आणि खेळ एकाच ठिकाणी आहेत. किल्ल्यावर संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम होतो. हा प्रकार 1952 साली फ्रान्समधल्या शाँबोरच्या वाड्यात सुरू झाला. आपल्याकडे लाल किल्ल्यावर 1965 पासून आहे. तो मला आवडतो. पण तोही अंधारातली राइडच: दिवा ज्या बुरुजावर पडेल तेवढाच किल्ला. म्हणून पाहुणे आले की मी त्यांना आधी सकाळी वर नेतो. तटावर उभं राहून दक्षिणेकडची जमीन दाखवतो. ह्यू रोज 21 मार्च 1858 ला इथे पोचला, 25 तारखेला तोफा सुरू झाल्या. 1 एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोप्यांची कुमक मोडली, 3 ला इंग्रज शहरात घुसले. पुढच्या कत्तलीत वरसईचे विष्णुभट गोडसे लपून वाचले. त्यांचं 'माझा प्रवास' आमच्या युनिटच्या लायब्ररीत मी स्वतः आणून ठेवलं आहे. आणि त्याआधी, 8 जून 1857 ला, जोखनबागेत इंग्रज स्त्रिया आणि मुलंही मारली गेली. तिथेही दिवा पडत नाही.

तर लेकीचा प्रश्न. तोफखान्यात उंची अंदाजायची सवय असते. मी पुन्हा खाली वाकून पाहिलं. मग तिला म्हणालो, "लोक इथूनच उडी सांगत आले आहेत. पण 4 एप्रिलच्या रात्री ती भांडेर दरवाजातून बाहेर पडली, असं त्या वेळच्या नोंदी सांगतात."

"म्हणजे पाटी खोटी?"

हिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मागे गाईड उभा होता, आणि त्याच्यासोबत आलेली वीस-पंचवीस माणसं.

मी तिला पलीकडच्या तटावर घेऊन गेलो आणि ईशान्येला बोट दाखवलं. रात्रीचे पहारे, इंग्रजांचा वेढा, पाठीला मूल, आणि त्यातून घोडा काढायचा. मूठभर स्वार सोबत. वीसेक मैलांवर भांडेरला ती मुलाला खायला घालायला थांबली. तेवढ्यात पाठलागावरचे स्वार येऊन पोचले. त्यांना तंबू दिसला आणि अर्धवट टाकलेला नाश्ता. त्यांच्या अधिकाऱ्याला, डाउकर त्याचं नाव, चकमकीत जखम झाली. राणी काल्पीला पोचली.

"दामोदरने पूर्ण खाल्लं होतं का?"

ते कुठल्याही नोंदीत मी वाचलेलं नाही. तसं सांगितलं. ती गप्प झाली. खाली उतरताना राइडचं नाव तिने काढलं नाही. बबीन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मात्र, डब्यातला पराठा हातात तसाच धरून बसली होती.