पेशीचा जोर मोजणारे मणी

पेशी सरकताना सूक्ष्मदर्शकातून दिसते. पण त्यासाठी ती किती जोर लावते? तिला ताणकाटा कसा अडकवायचा?

१९८० साली अमेरिकेत अल्बर्ट हॅरिस, पॅट्रिशिया वाइल्ड आणि डेव्हिड स्टोपॅक यांनी एक साधी युक्ती योजली. सिलिकोन द्रवावर क्षणभर ज्योत धरली, की दुधावर साय यावी तसा रबरासारखा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर पेशी वाढवल्या, तर त्यांच्याखाली सुरकुत्या पडल्या! पेशी पायाखालची जमीन ओढते, हे डोळ्यांना दिसले. तंतुपेशींचा जोर तर नुसत्या सरकण्याला लागेल त्याहून पुष्कळच अधिक निघाला.

मात्र सुरकुत्या वेड्यावाकड्या, एकमेकींत मिसळणाऱ्या. कोणत्या बिंदूवर किती बल, हे त्यांवरून काढणे कठीण. मोजायला खुणा हव्या होत्या.

त्या खुणा म्हणजे अनुस्फुरक मणी. हे मणी एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देतात. मूळ प्रकाश गाळणीने अडवला, की काळोखात चांदण्यांसारखे तेच तेवढे दिसतात. मणी असतो साधारण ०.२ मायक्रॉनचा, पण त्याच्या ठिपक्याचा मध्य याहूनही बारकाईने ठरवता येतो.

१९९९ साली मायका डेम्बो आणि यू-ली वांग यांनी असे मणी पेरलेल्या लवचीक जेलवर तंतुपेशी सोडल्या. या पद्धतीत दोन छायाचित्रे लागतात : एक पेशी असताना, दुसरे ती काढून टाकल्यावर. दोहोंतील फरक म्हणजे मण्यांचे विस्थापन. त्याला जेलच्या यंग गुणांकाची जोड दिली, की संगणक बल काढून देतो. उत्तर मिळाले ते असे : पेशीचा पुढचा पातळ भागच मुख्य जोर लावतो आणि उरलेली पेशी ओढून नेतो.

आमच्याकडे येणारे नवे विद्यार्थी पहिल्या छायाचित्रातील चमचमाटावर भाळतात आणि दुसरे घ्यायला विसरतात. मग दिवसभराचे काम वाया! कारण मणी आता कोठे आहे यावरून बल कळत नाही. ताण नसताना तो कोठे होता, हेही ठाऊक असावे लागते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. फुगा कापून वाटीवर ताणून बसवा. शाईचे ठिपके द्या आणि पारदर्शक कागदावर ते उतरवून घ्या. मग एका विद्यार्थ्याला दोन बोटांनी रबर हलकेच जवळ ओढायला सांगा आणि ठिपके पुन्हा उतरवा. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, की बोटे कोठे होती हे उरलेला वर्ग न पाहता सांगेल.