वेचा, दुवा आणि टिपण

वाचलेल्यातले निवडक जपून ठेवण्याची प्रवृत्ती लेखनविद्येइतकीच जुनी असावी. आज एखादा अभ्यासक संगणकावर आपल्यापुरती विकी उभारतो, आंतरजालावर आढळलेले लेख व दुवे तीत साठवतो आणि त्यांची आपल्या टिपणांशी सांगड घालतो, तेव्हा तो ह्याच परंपरेत उभा असतो. ह्या परंपरेत मात्र दोन भिन्न क्रिया एकत्र नांदत आल्या आहेत. मूळ मजकूर उतरवून घेणे ही एक. तो कोठे आहे याची खूण नोंदवून ठेवणे ही दुसरी. पहिलीस वेचा म्हणू, दुसरीस दुवा. ह्या दोहोंचे परस्परांशी बदलत गेलेले नाते हाच संग्रहविद्येच्या इतिहासाचा गाभा होय.

हस्तलिखितांच्या युगात वेच्याला पर्याय नव्हता. आपल्याकडील जुनी बाडे पाहावीत. एकाच बाडात अभंग, पदे, आरत्या आणि इतर प्रकरणे असा संकीर्ण ऐवज आढळतो. उतरवणाऱ्याची दृष्टी बहुधा स्वतःच्या नित्य उपयोगापुरती होती. परंतु मूळ प्रत नाहीशी झाल्यावर पुष्कळदा ही उतरलेली प्रतच पाठाचा आधार ठरली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झालेल्या रामदासी बाडांचे मोल ह्या दृष्टीनेही जाणवते.

छापील ग्रंथ विपुल झाल्यावर मिळवण्यापेक्षा मिळवलेले पुन्हा सापडणे अवघड झाले. जॉन लॉकने टिपणवहीची आपली पद्धती १६८६ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०६ मध्ये आली. विषयवाचक शब्दाचे आद्याक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर ह्यांच्या जोडीने नोंदी लावून त्याने सारी सूची अवघ्या दोन पृष्ठांत बसवली. वेच्याला येथे शिस्तबद्ध दुव्याची जोड मिळाली.

विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान याने ह्या दोहोंत तिसऱ्या क्रियेला प्राधान्य दिले. त्याच्या पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या. त्यांत उतारे थोडे. वाचलेल्यावर स्वतःच्या शब्दांत केलेली टिपणेच अधिक. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक होता आणि त्या क्रमांकाच्या आधारे एक चिठ्ठी दुसरीकडे बोट दाखवी. १९८१ मधील एका निबंधात त्याने ह्या पेटीचे वर्णन संवादातील सहभागी म्हणून केले. त्यात अतिशयोक्ती नाही. आपणच लिहिलेले विस्मृत वाक्य अनपेक्षित ठिकाणी समोर आले, की ते परक्याप्रमाणे प्रश्न विचारू लागते.

दरम्यान, जुलै १९४५ मध्ये अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश याने ‘अटलांटिक मंथली’त ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. हे यंत्र म्हणजे एक मेज. त्यात ग्रंथ व पत्रे सूक्ष्मचित्रफितींवर साठवावयाची आणि वाचकाने एका मजकुरापासून दुसऱ्यापर्यंत आपल्या विचारक्रमानुसार वाटा पाडावयाच्या. ते यंत्र कधी प्रत्यक्षात आले नाही. परंतु त्यातील एक गोष्ट आज विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे: वाट ज्या मजकुराकडे जाई, तो मजकूरही त्याच मेजात असे. दुवा आणि वेचा ह्यांची तेथे फारकत झाली नव्हती.

ती फारकत महाजालाने केली. टिम बर्नर्स-ली याने १९८९ मध्ये मांडलेल्या योजनेतून साकारलेल्या ह्या जालात कोणीही कोणाच्याही पानाकडे, त्याची अनुमती न घेता, दुवा जोडू शकतो. विस्ताराचे रहस्य ह्या मोकळिकीत आहे, आणि नश्वरतेचे कारणही. ज्याच्याकडे दुवा जातो, त्याला त्याची वार्ता नसते. तो आपले पान हलवतो वा पुसून टाकतो, आणि वाट अधांतरी राहते. २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ ह्या स्थळाची मुख्य सेवा बंद झाली, तेव्हा असंख्य हौशी पानांचा मूळ ठावठिकाणा नष्ट झाला. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ मधील नमुन्यादाखल घेतलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकभरानंतर उपलब्ध नसल्याचे आढळले. १९९६ पासून ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था प्रती जपत आली आहे. तथापि एकाच भांडारावर सारा भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा तीत अद्याप न लिहिलेल्या पानाकडेही दुवा देता येत असे. नावापुढील प्रश्नचिन्ह वाचकाला लिहिण्याचे आवाहन करी. अनेकांसाठी असलेले हे साधन २००४ मध्ये जेरेमी रस्टनच्या ‘टिडलीविकी’ने एका संचिकेत सामावून एकट्या वाचकाच्या हाती दिले.

मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखन गेल्या पाव शतकात केवळ आंतरजालावर प्रकट झाले आहे. उद्याच्या संपादकाला त्याचा शोध घ्यावा लागेल. ज्या विकीत नुसते दुवे आहेत, ती त्याला हरवलेल्या घरांचे पत्ते देईल. जीत नुसते वेचे आहेत, ती अडगळ हाती ठेवील. वेचा, त्याचा ठावठिकाणा व तिथी, आणि तो का घेतला हे सांगणारे संग्राहकाचे एक वाक्य, ही तिन्ही जेथे एकत्र असतील, तेथेच त्याला आपल्या काळाचे बाड सापडेल.