कंदिलाच्या उजेडातली भूल

वादळात वीज जाणं बारामती-इंदापूरच्या शिक्षकांना नवं नाही. वर्गात अंधार झाला तर खिडक्या उघडून भागतं. पण शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली तर? या भागातले अवघड रुग्ण वर्षानुवर्षं पुण्याच्या ज्या ससून रुग्णालयात नेले जात, तिथं १२ जानेवारी १९२४ च्या रात्री नेमकं हेच घडलं.

रुग्ण होते महात्मा गांधी, वय ५४. येरवड्याच्या तुरुंगात त्यांचं आंत्रपुच्छ सुजलं होतं, थांबायला वेळ नव्हता. कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली शस्त्रक्रिया सुरू केली. मध्येच वीज गेली. मग विजेरीही विझली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं.

इथं रसायनशास्त्राच्या तासाला विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. क्लोरोफॉर्मऐवजी ईथर वापरलं असतं तर? ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठत पसरते आणि ज्योतीशी पोचली की भडकते. तिथं कंदील आणणं म्हणजे आगीला आमंत्रणच. क्लोरोफॉर्म सहजासहजी पेट घेत नाही. (ज्योतीच्या आचेनं त्यातून थोडा फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणजे तेही अगदी निर्धोक नव्हे.)

क्लोरोफॉर्मचा खरा धोका वेगळा होता. १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच दगावली. आधी काय थांबतं, श्वास की हृदय? या वादाचा निकाल लावायला निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं मत ठाम होतं: श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. शेकडो प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आयोगानंही तेच सांगितलं.

प्रयोग खोटे नव्हते. भरपूर क्लोरोफॉर्म दिलं की श्वास आधी थांबतो, हे खरंच. पण हॅनासारखे रुग्ण भूल पुरती चढण्याआधीच जात होते! १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या भुलीत अॅड्रेनलिन वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून ते एकाएकी बंद पडू शकतं. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात अॅड्रेनलिन वाढतंच. आयोगानं प्रश्नाचा एकच भाग तपासला होता, आणि उत्तर मात्र सगळ्याला लागू केलं. आम्हा संशोधकांकडून ही चूक आजही होते.

म्हणून त्या रात्री भूल देणाऱ्याला श्वास आणि नाडी दोन्ही सांभाळायची होती. ओठ निळे पडताहेत का, बाहुल्या मोठ्या होताहेत का, हेही पाहायचं. पण कंदिलाच्या पिवळ्या उजेडात निळेपणा कळणार कसा? बोटाखालची नाडी आणि कानावर येणारा श्वास, खात्रीचं एवढंच. गांधीजी बरे झाले. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांची सुटका केली.

१९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. रक्तातला ऑक्सिजन लाल आणि अवरक्त प्रकाशातून मोजणारा हा बोटावरचा चिमटा कोविडच्या साथीत घराघरांत पोचला. शस्त्रक्रियागृहातलं यंत्र प्रत्येक ठोक्याला आवाजही करतं. ऑक्सिजन घटू लागला की त्या आवाजाची पट्टी खाली उतरते. वीज गेली तरी बॅटरीवर ते चालू राहतं, आणि अंधारातही भूलतज्ज्ञाला ऐकू येतं.