वाटा आणि बांध

न्यूयॉर्कला पाहुणे आले की त्यांना सेंट्रल पार्क दाखवायचं, हा आमच्या घरचा नेम. मागच्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा पश्चिमेकडून, ८५व्या रस्त्याजवळून आत शिरलो. बाकावर टेकल्यावर ती म्हणाली, "अरे, गाड्यांचा आवाज येतोय, पण रस्ता कुठाय?"

मंडळी, ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीची सगळी करामत या एका प्रश्नात आली! १८५८ साली त्यांच्या 'ग्रीन्सवर्ड' आराखड्याला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. शहराची आडवी वाहतूक उद्यानातून नेणं तर भाग होतं. त्यांनी चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोदून नेले आणि कडेच्या झाडीआड लपवले. पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक वरून जाते, दुसरी कमानीखालून. पायवाटाही वळणावळणाच्या, पुढचं दृश्य वळल्यावरच दिसावं अशा. उद्यानाच्या कडेला बुटकी दगडी भिंत आणि दाट झाडं, म्हणजे आतल्या माणसाला शहराचा विसर पडावा.

"छानच केलंय," आई म्हणाली. "पण इथे आधी कोण राहायचं?"

आम्ही बसलो होतो तिथेच सेनेका व्हिलेज होतं. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे जमीन घेतली. पुढे साधारण २२५ लोकांची वस्ती झाली. बहुतेक कृष्णवर्णीय, काही आयरिश. तीन चर्चेस, एक शाळा, परसात भाजीपाला. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलर्सची जमीनजायदाद लागायची. गोऱ्यांना ही अट नव्हती. म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर या लोकांचं मतही अवलंबून! उद्यानासाठी शहराने ती जमीन घेतली. मोबदला दिला, पण तो कमी म्हणून काहींनी तक्रारी केल्या. १८५७ मध्ये वस्ती उठली. २००१ साली तिच्या आठवणीचा फलक लागला, आणि २०११ च्या उत्खननात एका घराचा दगडी पाया, लोखंडी किटली आणि लहान मुलाचा बूट सापडला.

आई गप्प झाली. तिचं माहेर कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. धरणाची वीज आमच्या शाळेच्या पुस्तकात होती, तिचं गाव नव्हतं. तिच्या शाळेची पायवाटही पाण्यात गेली.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध वर येतात," ती म्हणाली. "कुणाचं शेत कुठे संपायचं, मला अजून सांगता येतं."

मी उद्यानाच्या वाटा इतकी वर्षं कौतुकाने दाखवत आलो, आजही दाखवतो. त्या खरंच सुंदर आहेत. पण आता पाहुण्यांना घेऊन ८५व्या रस्त्याजवळूनच आत शिरतो. आधी सेनेका व्हिलेजची गोष्ट सांगतो, मग तळं बघायला जातो.